कार्पेटवरचा मातीचा डाग तिसऱ्या दिवशी परत वर येतोय? आधी माती कुठली ते बघा

"दादा, डाग परत आलाय." हा फोन मला इतक्या वेळा आलाय की समोरच्याने नुसतं "दादा" म्हटलं तरी पुढचं वाक्य मला पाठ असतं. सोफा-कार्पेट धुण्याचं काम करतो मी, राहायला पुण्यात, पण ऑर्डर असेल तिकडे मशीन गाडीत टाकून जातो, म्हणजे रत्नागिरीची हॉटेलं, लातूरकडची मंगल कार्यालयं, कोल्हापूर-सांगलीचे बंगले, अधूनमधून गोवा. तक्रार सगळीकडे एकच, धुतलं त्या दिवशी कार्पेट चकाचक, गिऱ्हाईक खूश, चहा वगैरे पाजतात, आणि तिसऱ्या दिवशी जिथे डाग होता तिथेच परत सावली. कुणाकडे राखाडी, कुणाकडे तांबूस.

सुरुवातीची तीन-चार वर्षं मी शाम्पूला शिव्या घातल्या. ब्रँड बदलले. डीलर म्हणाला डोस वाढवा, तर डोस वाढवला, आणि मग तर कार्पेट हाताला चिकट लागायला लागलं आणि महिन्यात आधीपेक्षा काळं. शेवटी हात टेकायची वेळ आली होती.

मग एकदा असं झालं की एकाच आठवड्यात, एकाच पाच लिटरच्या कॅनमधला शाम्पू, तेच मशीन, तोच पोरगा हाताखाली, आणि तीन ठिकाणी काम. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एक नंबर रिझल्ट. रत्नागिरीच्या बंगल्यात क्रीम कार्पेटवर गुलाबी-नारिंगी झाक राहिली ती राहिलीच. लातूरकडच्या कार्यालयात स्टेजच्या मरून कार्पेटवर तिसऱ्या दिवशी राखाडी पट्टे. आता शाम्पूच खराब म्हणावा तर कोथरूडात कसा चालला? माझा भाचा तेव्हा दापोलीला बीएस्सी ॲग्री करत होता, सुट्टीत आलेला, त्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "मामा, भाताला आणि सोयाबीनला एकच औषध फवारतोस होय?" आणि मग त्याने एक बाटली आणि थोडा व्हिनेगर मागितला, आणि तिथून माझं डोकं चालायला लागलं.

तर ज्यांना हा त्रास आहे त्यांनी प्रॉडक्ट बदलण्याआधी हे करून बघा.

पहिलं म्हणजे कार्पेटमध्ये काय आहे ते ओळखा. व्हॅक्युमच्या पिशवीतला चमचाभर कचरा घ्या (केस, लोकर, शेंगदाण्याची सालं बाजूला काढा), दोन काचेचे ग्लास घ्या, एकात घरचं नळाचं किंवा बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं प्यायचं पाणी. दोन्हीत थोडा थोडा कचरा टाकून ढवळा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते. पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, तासा-दोन तासात. चिकणमाती मात्र तरंगत राहते, दुसऱ्या दिवशी बघाल तरी पाणी गढूळ. पाण्याला वरपर्यंत विटकरी रंग राहिला तर जांभ्याची तांबडी माती. खाली काळसर गुळगुळीत थर बसला आणि बोटाने उचलला तर लोण्यासारखा पसरला तर काळी. आणि मजा म्हणजे बऱ्याचदा बोअरच्या पाण्यातली माती लवकर खाली बसते आणि आरओच्या पाण्यातली तरंगत राहते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कोरड्या कचऱ्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक फसफस झाली तर त्यात चुनखडी आहे, आपल्या काळ्या मातीत ती बऱ्याच ठिकाणी असते, नांगरताना पांढरे खडे निघतात तेच ते. कोकणातल्या तांबड्या मातीत फसफस होत नाही कारण ती आधीच आम्लाकडची, चुना पावसाने केव्हाच धुऊन नेलाय.

आणि हो, एक फसवा प्रकार. डाग "लाल" आहे म्हणून लगेच तांबडी माती समजू नका. आमच्याकडे एका काकूंनी फोन केला, तुमच्या शाम्पूने कार्पेटवर लाल डाग पडले, आधी नव्हते. गेलो तर डायनिंग टेबलच्या खाली! हळद होती ती. आमटीचा पिवळा डाग होता तो कुणाला दिसत नव्हता, शाम्पू अल्कलाइन, हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, कपड्याला साबण लावल्यावर होते ना अगदी तसंच. लिंबू पिळून बघायचं, परत पिवळं झालं तर हळद. माती असेल तर लिंबाने लगेच काही रंग पालटत नाही. काकू मला पाच मिनिटं भांडल्या आणि मग लिंबाचा प्रयोग बघून स्वतःच हसल्या.

आता तांबडीचं. जांभा म्हणजे काय, तर कोकणात धो धो पाऊस, त्याने खडकातला चुना, सिलिका वाहून जाते आणि मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रजांच्या माणसाने १८०७ मध्ये मलबारातला हा दगड बघून लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट, कारण लोक त्याचे विटांसारखे ठोकळे कापत होते. आपल्याकडे चिरे म्हणतात. तर त्या तांबड्या रंगाचा अर्थ सरळ आहे, तो गंज आहे. लोहाचा ऑक्साइड. एवढं डोक्यात बसलं की अर्ध्या चुका बंद होतात.

कारण लोक पहिली गोष्ट करतात ती ब्लीच टाकतात. ब्लीच काय करतं, ऑक्सिडाइझ करतं, म्हणजे ऑक्सिजन जोडतं. अहो पण गंज आधीच ऑक्सिडाइझ होऊन बसलाय, त्याला ब्लीच काय करणार? ते कार्पेटचा रंग मात्र खातं, म्हणजे डागाच्या आजूबाजूचं फिकट होतं आणि डाग आणखी उठून दिसतो. दुसरी चूक, डोस वाढवून अल्कलाइन शाम्पू घासत बसणं. शाम्पूने मातीचे कण निघतात, निघतातच, पण जी बारीक झाक धाग्याला धरून बसलीय ती लोहाची आहे, आणि साबणात लोहाचा ऑक्साइड विरघळत नाही, कितीही फेस काढा.

म्हणून क्रम असा ठेवा. चिखल ओला असेल तर हात लावायचा नाही. एकदम नाही. पूर्ण वाळू द्या, पंखा लावा, मग नरम ब्रशने सुट्टा करून व्हॅक्युम, आणि व्हॅक्युम म्हणजे झाडू मारल्यासारखं फर्रर्र करून नाही, सावकाश, एका पट्ट्यावरून चार-पाच वेळा, दोन्ही दिशांनी. जेवढी माती कोरडी निघेल तेवढी पाण्यात भिडायची नाही. मग कमी डोसचा न्यूट्रल शाम्पू, आणि मशीनने येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत ओढायचं. एवढं करून झाक राहिली तरच ॲसिड. आधी सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं, एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम, डागावर स्प्रे करून दहा मिनिटं, पांढऱ्या फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. फडक्यावर पिवळट तांबूस यायला लागलं म्हणजे काम चालू आहे. परत, परत. त्यानेही नाही गेलं तर ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला १० ग्रॅम, पण हे विषारी आहे, हातमोजे घाला, घरात रांगणारं बाळ किंवा कुत्रं असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा-तीनदा धुवून ओढून काढा. रंग उतरतो का ते आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात बघून घ्या.

आणि ज्या ठिकाणी कुणी आधीच ब्लीच मारलंय तिथे ॲसिड टाकायचं नाही म्हणजे नाही, क्लोरीन वायू सुटतो. मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, "ताई, खरं सांगा, काय काय लावून बघितलंय?" लोक लाजतात सांगायला. टॉयलेट क्लीनर लावलेलं असतं, टूथपेस्ट, पेट्रोल, काय वाट्टेल ते. सांगा बाबा, हसणार नाही.

अजून एक, कार्पेटखाली शहाबादी किंवा मार्बल असेल तर लिंबूसत्वाचं पाणी खाली झिरपू देऊ नका. दोन्ही चुन्याचे दगड, ॲसिडने पांढरे चट्टे पडतात आणि ते पॉलिशवाल्याशिवाय जात नाहीत. प्लॅस्टिक आणि जुना टॉवेल खाली सरकवायचा. मी हे एकदा विसरलो होतो, पॉलिशचा खर्च माझ्या खिशातून गेला.

गोव्यात खाणीच्या पट्ट्यात, डिचोली-सांगेकडे, ही तांबडी माती आणि वर खनिजाची धूळ दोन्ही एकत्र असते. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने खाणकाम थांबवलं तोपर्यंत ट्रकच्या रस्त्यालगतच्या घरांत पडदे सुद्धा विटकरी असायचे. त्या भागातलं जुनं कार्पेट आलं तर मी आधी उलटं टाकून पाठीवर बडवतो, पूर्वी जाजम बडवायचे तसं, आणि ढीगभर माती पडते. मशीन नंतर.

आता काळी. माझ्या मते खरी डोकेदुखी ही आहे, तांबडी निदान दिसते तरी.

मराठवाड्यातल्या माणसाला काळीबद्दल मी काय सांगणार, पावसात शेतात गेलं की दहा पावलांत चपलेला किलोभर माती, आणि उन्हाळ्यात भेगा इतक्या की हात जाईल. हे दोन्ही एकाच कारणाने होतं. तिच्यातली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची, पत्त्यांच्या जोडासारखे बारीक थर, आणि दोन थरांच्या मध्ये पाणी शिरतं. पाणी शिरलं की फुगते, गेलं की आकसते. कण दोन मायक्रॉनपेक्षा लहान, आपल्या केसाची जाडी त्याच्या तीसेक पट तरी असेल. सात कोटी वर्षांच्या आसपासचा बेसाल्ट झिजून झालेली माती ही, ती तुमच्या स्टीलच्या ब्रशला काय भीक घालणार.

आता विचार करा, हिवाळ्या-उन्हाळ्यात हीच माती फुफाटा होऊन येते, पिठासारखी, कार्पेटमध्ये एकदम मुळापर्यंत उतरते आणि वरून काही दिसत नाही. मग आपण येतो आणि वरून लिटरच्या लिटर शाम्पूचं पाणी ओततो. म्हणजे काय केलं? कार्पेटच्या आत चिखल केला. तो फुगला, धाग्यांच्या बुडाला चिकटला, मशीनने वरचं वरचं पाणी ओढलं, आणि पुढचे दोन दिवस कार्पेट वाळताना खालचं पाणी धाग्यातून वर चढलं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, आणि येताना बारीक माती घेऊन आलं. पाणी उडालं, माती टोकाला राहिली. हाच तो तिसऱ्या दिवशीचा डाग. नवीन डाग पडलेला नसतो, खालचाच वर आलेला असतो.

त्यामुळे काळीसाठी माझा नियम, जेवढा वेळ धुण्याला त्याच्या दुप्पट कोरड्या कामाला. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं हा माणूस नुसता व्हॅक्युम फिरवून पैसे घेतोय. फेस दिसला की समाधान. कार्यालयाचे एक मालक तर मला म्हणाले, "फेस होऊ दे की जरा, पब्लिकला दिसलं पाहिजे." दिसलं ना मग तिसऱ्या दिवशी.

त्याच कार्यालयातली गोष्ट सांगतो, कारण चूक सगळी माझी होती आणि तशी बरेच जण करतात. पाणी बोअरचं. लातूरला पाण्याचं काय आहे सगळ्यांना माहितीय, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्यामुळे तिकडे कुणी पाणी वाया घालवत नाही, आणि ते बरोबरच आहे. कार्यालयात आरओ प्लांट, त्याचं वाया जाणारं पाणी एका निळ्या ड्रममध्ये साठवलेलं, फरशी पुसायला. आमच्या पोराने तोच ड्रम जवळ दिसला म्हणून मशीनच्या टाकीत तेच पाणी भरलं. मला पत्ता नाही. मी बघतोय फेस येईना, म्हणून अजून शाम्पू, अजून येईना, अजून शाम्पू. संध्याकाळी कार्पेट वाळायला लागलं तर हाताला पापडासारखं कडक. नंतर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो, लावला ड्रममध्ये, २१०० वर काटा! प्यायच्या पाण्याचं सरकारी प्रमाण आहे त्यात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत, आणि हे त्याच्याही पुढे, म्हणजे आरओने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार मी पैसे घेऊन त्या कार्पेटमध्ये घालत होतो.

क्षाराने होतं काय, ते दोन ग्लास आठवा. बोअरच्या पाण्यात माती लवकर खाली बसली होती ना? कारण कॅल्शियम, मॅग्नेशियम मातीच्या कणांना एकत्र धरतात, गुठळ्या होतात आणि बसतात. ग्लासात बसल्या तर ठीक, पण कार्पेटमध्ये "खाली बसणं" म्हणजे परत धाग्यावर बसणं. शाम्पूचं काम असतं मातीला पाण्यात तरंगत ठेवायचं म्हणजे मशीन ओढेल, आणि असं क्षाराचं जड पाणी नेमकं उलटं काम करतं. वर शाम्पूतला साबण कॅल्शियमशी जोडून चोथा होतो तो वेगळाच, बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते तीच. आणि हे पाणीही त्याच चुनखडीच्या काळ्या भागातून आलेलं, म्हणजे माती एकदा चपलेतून येते आणि दुसऱ्यांदा तुमच्या बादलीतून. कोकणात उलट, विहिरीचं पाणी हलकं, फेस ढीगभर, त्यामुळे तोच डोस तिकडे जास्त होतो आणि शाम्पू निघता निघत नाही. एकाच कॅनचे दोन ठिकाणी दोन रंग दिसायचं अर्धं कारण हे आहे. लेबलवर लिहिलेलं माप कुठल्या पाण्यासाठी आहे हे कुणी लिहीत नाही.

यावर उपाय भाच्याने सांगितला तो अगदी प्रयोगशाळेतला. म्हणे आमच्याकडे मातीत चिकणमाती किती हे मोजायचं असतं तेव्हा कण सुटे व्हावेत म्हणून सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालतात. पांढरी पावडर, केमिकलच्या दुकानात किलोने मिळते. मी लिटरला दोन ग्रॅमच्या हिशोबाने शाम्पूच्या आधी मारायच्या स्प्रेमध्ये घालायला लागलो, ताजं बनवायचं, आदल्या दिवशीचं नाही. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि माती सुटी राहते. पहिल्यांदा वापरलं तेव्हा मशीनच्या टाकीत जे पाणी आलं ते बघून पोरगा म्हणाला, "भाऊ, हे कार्पेट आपण मागच्या वर्षी धुतलेलं ना?" काळं कॉफीसारखं पाणी. धुतलेलं होतं, होय.

शेवटचं धुणं मात्र जारच्या पाण्याने. वीस लिटरचे तीन-चार जार मागवा, स्टेजच्या कार्पेटला तेवढं पुरतं, आणि त्यात लिटरला पन्नास-साठ मिली पांढरं व्हिनेगर. शाम्पूचा उरलेला अल्कली आणि बसलेले क्षार सुटतात, कार्पेट मऊ पडतं. इथे एक घोळ होतो तो सांगतो, काही जण कोरडं काम न करता थेट व्हिनेगर मारतात. चुनखडीवाली माती तशीच आत असेल तर व्हिनेगर तिच्याशी फसफसण्यातच संपून जातं आणि डागापर्यंत काही पोचत नाही, पालथ्या घड्यावर पाणी.

आणि वास छान यावा म्हणून शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर टाकणारे, हात जोडून विनंती, काळ्या मातीच्या भागात तरी नका टाकू. काळ्या मातीच्या कणांवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि कंडिशनर पॉझिटिव्ह, म्हणजे पुढची जी धूळ घरात येईल तिला तुम्ही आमंत्रणच देऊन ठेवलं. मी हे उद्योग दोन वर्षं केलेत. वास मस्त यायचा, पंधरा दिवसात कार्पेट काळं व्हायचं आणि मग परत ऑर्डर यायची, आता वाटतं धंद्याला बरं होतं ते.

किनाऱ्याजवळच्या घरांत भानगड वेगळी. पुळणीतली वाळू सुटी असते, ती निघते पटकन, पण तिच्याबरोबर मीठ येतं आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. कार्पेट दमट वाटतं, त्या दमटपणाला मग बारीक धूळ चिकटते. शाम्पूची गरजच नसते बऱ्याचदा. बडवा, व्हॅक्युम करा, साध्या गोड्या पाण्याने एकदा ओढून काढा, झालं. अलिबाग-मुरुडच्या बंगलेवाल्यांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी काम टाळतोय.

चंद्रपूरकडे कोळशाची धूळ. तिला पाणी लावलंत की संपलं, तेलकट काळी शाई पसरल्यासारखी पसरते, हाताने चोळलं तर धाग्यातच भरते. चांगल्या फिल्टरचा व्हॅक्युम, नळी वरच्यावर धरून, ब्रश न फिरवता. त्यानंतर जे उरेल त्यालाच शाम्पू.

माझी मावसबहीण अटलांटाला असते, तिकडे घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, आणि अंगणात माती कुठली तर आपल्या राजापूरसारखी तांबडी. तीच लोहाची. ती व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, पोरं फुटबॉल खेळून आली आणि बेज कार्पेटवर पावलं उमटली, तिने दुकानातलं "ऑक्सी"वालं काहीतरी टाकलेलं. म्हटलं ताई, तेही ऑक्सिडाइझच करतं, वाळू दे आधी आणि मग लिंबूसत्व. गेलं. तिची मैत्रीण डॅलसला, तिकडची माती काळी, भेगा पडणारी, घरांचे पाये सुद्धा हलवते म्हणे, पावसाळ्यात विदर्भात भिंतींना तडे जातात तसं. तिला मी पाण्याचं विचारायला सांगितलं, जड पाणी निघालं, शाम्पू अर्धा कर आणि शेवटी व्हिनेगर मार एवढंच सांगितलं.

कार्पेट कशाचं आहे हेही बघा, थोडक्यात सांगतो. मंगल कार्यालयातलं सगळं पॉलिप्रॉपिलीन असतं, ते पाणी पीत नाही, त्यावर थोडी जास्त मस्ती चालते. भदोहीचं लोकरीचं असेल तर अल्कली एकदम वर्ज्य, पीएच आठच्या वरचा शाम्पू लोकरीला लावू नका, ती थोडं आम्ल सहन करते पण अल्कलीने भुसभुशीत होते. आणि पाठीला ज्यूट असेल तर जास्त पाणी झालं की ज्यूटचा स्वतःचा तपकिरी रंग वर येतो आणि लोक त्याला तांबड्या मातीचा डाग समजून आणखी पाणी ओततात आणि तो आणखी वाढतो. तो डाग कडेकडेने, लाटेसारखा असतो, पावलाच्या आकाराचा नसतो, हीच ओळख. थोडं लिंबूसत्व आणि लगेच पंखा.

वाळवण्याबद्दल एवढंच की धुणं संपलं की मशीनचा पाण्याचा बटण बंद करून नुसतं ओढत तीन फेऱ्या मारा, मग डागाच्या जागी पांढरा टॉवेल घडी करून त्यावर वजन, आमच्याकडे आम्ही शाम्पूचा भरलेला कॅनच ठेवतो, रात्रभर. खालून जे वर येणार ते टॉवेलमध्ये येतं. सकाळी टॉवेल उघडून गिऱ्हाइकाला दाखवायचा, त्यावर डागाचा नकाशा उमटलेला असतो, आणि मग तो तिसऱ्या दिवशीचा फोन येत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर मी लोकरीचं कार्पेट धुवायला घेतच नाही, वाळत नाही आणि कुबट वास मारतो, मग मातीचा डाग परवडला म्हणायची वेळ येते.

ते रत्नागिरीचं क्रीम कार्पेट विचाराल तर ते काही पूर्ण पहिल्यासारखं झालं नाही. मी पोचायच्या आधी घरच्यांनी दोनदा ब्लीच मारलेलं, आणि त्यावर मी माझा अल्कलाइन शाम्पू, त्यामुळे झाक नंतर काढली तरी तळहाताएवढी जागा आजूबाजूपेक्षा पांढरी राहिली. काकांनी त्यावर टीपॉय ठेवलाय. दरवर्षी मे महिन्यात जातो धुवायला, टीपॉय मीच उचलतो, ते म्हणतात, "तेवढं सोडून धुवा."